रक्ताचं नको, नियमाचं विचारा

पत्र: माझी मुलगी आठवीत आहे, तेरा पूर्ण झालीत. इंग्रजी माध्यम, संध्याकाळी फाउंडेशनचा क्लास. सुट्टीत तिने ‘द हंगर गेम्स’चे दोन भाग वाचून संपवले, आता तिसरा मागतेय. मधल्या काळात मैत्रिणीकडून ‘डायव्हर्जंट’ आणलंय. मी पहिला भाग हातात घेतला. मुलंच मुलांना मारतात आणि ते टीव्हीवर दाखवतात, हे कळल्यावर मला पुढे वाचवेना. सासूबाई म्हणतात, असलं अभद्र घरात नको. धाकटा चौथीत आहे, त्यालाही ताईचंच पुस्तक हवंय. परवा तिच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं दिसलं, ‘सगळं आधीच ठरलेलं आहे.’ तेव्हापासून मला झोप नाही. ही पुस्तकं बंद करू का? मुलांना यात आवडतं तरी काय?
– एक आई, लातूर

ताई,

आधी वहीतल्या ओळीचं बघू, पुस्तकांचं नंतर.

ती ओळ पुस्तकातून आलेली असू शकते. या कादंबऱ्यांतली पात्रं पहिल्या पन्नास पानांत साधारण हेच म्हणत असतात, आणि आवडलेलं वाक्य वहीच्या मागे उतरवणं ही तेराव्या वर्षाची जुनीच खोड आहे. पूर्वी तिथे शायरी असायची. ती ओळ तिची स्वतःचीही असू शकते. अंदाज बांधत बसू नका, विचारा. सगळ्यांसमोर नको, जेवताना नको, वही पुढ्यात आपटून तर नकोच. क्लासला स्कूटीवरून सोडताना किंवा दोघी मिळून कपड्यांच्या घड्या घालताना विचारा. समोरासमोर बसवलं की या वयाची मुलं मिटतात, शेजारी असली की बोलतात. प्रश्न सरळ ठेवा: ‘वहीत ती ओळ दिसली मला. पुस्तकातली आहे की तुझी?’ पुस्तकातली असेल तर ती दहा मिनिटं गोष्ट सांगत सुटेल. ऐका. तिची असेल तर ‘काय ठरलंय? कोणी ठरवलं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. इथेच बहुतेक आईबाप घाई करतात. ‘असं काही नसतं गं’ म्हटलं की ती पुढचं सांगायची थांबते, आणि पुढच्या वेळी सुरुवातही करत नाही.

काळजी कधी करायची? झोप बिघडली, जेवण एकदम कमी किंवा जास्त झालं, मैत्रिणींचे फोन घेणं थांबलं, आवडीच्या गोष्टी सुटल्या (त्यात वाचनही आलं), चिडचिड वाढली, आणि हे दोन आठवडे जवळजवळ रोज राहिलं, तर. पुस्तक काळंकुट्ट आहे एवढ्यावरून काही सांगता येत नाही. तिसरा भाग मागणाऱ्या मुलीला पुढे काय होतं ते हवंय, हे चांगलंच आहे. पण ‘मी नसते तर बरं’ अशा अर्थाचं काही कानावर आलं तर आडून नाही, थेट विचारायचं: ‘जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असलाच तर बाहेर यायला वाट मिळते. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास, फुकट, मराठीतून मिळते. तिथे आईनेही फोन केला तर चालतो.

आता तुमचा खरा प्रश्न, यात आवडतं काय.

आमचं म्हणणं असं, की या पुस्तकांची ओढ रक्तात नाही, नियमात आहे. आणि तो नियम जवळजवळ नेहमी एका वयाला बांधलेला असतो. बघा ना. जॉन ख्रिस्तोफर यांच्या ‘द व्हाइट माउंटन्स’मध्ये (१९६७) चौदाव्या वर्षी डोक्यावर धातूची टोपी बसवतात, की माणूस जन्मभर आज्ञाधारक. लोइस लाउरी यांच्या ‘द गिव्हर’मध्ये (१९९३) बाराव्या वर्षी भर समारंभात तुमचं आयुष्यभराचं काम जाहीर होतं. ‘अग्लीज’मध्ये (२००५) सोळाव्या वर्षी सगळ्यांना सुंदर करणारी शस्त्रक्रिया. ‘द हंगर गेम्स’मध्ये (२००८) बारा ते अठरा वयाच्या मुलामुलींच्या नावाच्या चिठ्ठ्या. ‘मॅच्ड’मध्ये (२०१०) सतराव्या वर्षी सरकार जोडीदार ठरवून देतं. ‘डेलिरियम’मध्ये (२०११) अठराव्या वर्षी प्रेम नावाच्या रोगावर उपचार. आणि सध्या तुमच्या घरात असलेल्या ‘डायव्हर्जंट’मध्ये, तेही २०११ चंच, सोळाव्या वर्षी पाच गटांपैकी एक गट निवडायचा, दुसरा निवडला तर आईबाप सुटले.

ही पुस्तकं वाचणारं मूल साधारण बारा ते सतरा वर्षांचं असतं. म्हणजे पुस्तकातल्या नियमाच्या उंबरठ्यावर ते स्वतः उभं असतं. त्यात तुमची लेक लातुरात राहते. लातूर पॅटर्न साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. बाहेरच्या जिल्ह्यांतली मुलं तुमच्या गावात खोली घेऊन, मेस लावून बारावी आणि नीटची तयारी करतात, हे ती रोज बघते. आठवीतच फाउंडेशन सुरू आहे. दहावीला इतके, मग अमुक कॉलेज, मग नीट, हा क्रम तिने कधीपासून ऐकलाय! वयाला बांधलेला नियम तिला परग्रहावरचा वाटत नाही. पुस्तकात फरक एवढाच, की तिथे तो नियम मोठ्याने बोलून दाखवतात आणि तिच्याच वयाची एक पोरगी ‘का?’ म्हणून विचारते. (क्लास म्हणजे मृत्यूचा खेळ, असं आम्ही म्हणत नाही. ती म्हणाली तर मात्र हसण्यावारी नेऊ नका. तिला कुठे टोचतंय ते विचारा.)

नियम किती बारकाईने रचलेला असतो ते एकदा पाहा. ‘द हंगर गेम्स’मध्ये पॅनेम नावाच्या देशात बारा जिल्हे आहेत. दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा, एक मुलगी असे चोवीस जण राजधानीच्या खेळात पाठवायचे, आणि जिवंत परत येणार एकच. चिठ्ठ्यांचा हिशेब असा: बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक, तेराव्या वर्षी दोन, असं करत अठराव्या वर्षी सात. इथपर्यंत सगळ्यांना सारखं. पण घरात खायला नसेल तर नावाची जादा चिठ्ठी टाकून त्या बदल्यात एका माणसाचं वर्षभराचं जेमतेम धान्य आणि तेल घेता येतं. घरातल्या प्रत्येक माणसामागे एक. आणि या चिठ्ठ्या दर वर्षी साठत जातात.

गोष्टीची नायिका कॅटनिस. तिने बाराव्या वर्षी स्वतःसाठी, आईसाठी आणि धाकट्या बहिणीसाठी, प्रिमसाठी, अशा तीन जादा घेतल्या. मूळची एक धरून चार. दर वर्षी चार म्हणजे सोळाव्या वर्षी वीस. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा, घरात पाच माणसं. वर्षाला सहा, सात वर्षांच्या बेचाळीस. महापौरांची मुलगी मॅज कॅटनिसच्याच वयाची, पण तिच्या फक्त पाच, कारण तिला धान्य कशाला लागतंय? कागदावर सगळे एकाच सोडतीत आहेत. आणि सोडतीत नाव निघतं ते बारा वर्षांच्या प्रिमचं, जिची हजारोंत एकच चिठ्ठी होती.

एक कोरा कागद घ्या आणि हा हिशेब लेकीकडून समजून घ्या. तुम्हाला कळला नाही असं दाखवायची गरज पडणार नाही. पहिल्या खेपेला ही बेरीज खरंच चुकते, कारण लोक जादा चिठ्ठ्या साठतात हे विसरतात. मग तिला विचारा, ‘आपल्या घरात पाच माणसं धरली आणि सगळ्यांसाठी धान्य घ्यावं लागलं असतं, तर आज तुझ्या नावाच्या किती?’ उत्तर बारा आहे: गेल्या वर्षीच्या सहा, यंदाच्या सहा. धाकट्याच्या अजून शून्य. गरिबाला संधी ‘समान’ असली तरी धोका जास्त कसा, हे तेरा वर्षांच्या मुलीला नागरिकशास्त्राच्या धड्यातून जेवढं कळत नाही तेवढं या बेरजेतून कळतं. तुम्हाला पुस्तक मिटावंसं वाटलं तिथून पुढे तिला बहुधा हे दिसत होतं.

वाचताना हातातून न सुटण्याची कारणं जरा कारागिरीचीही आहेत. कॅटनिस स्वतः बोलते, तेही वर्तमानकाळात; ती जिवंत राहील की नाही हे तिलाच ठाऊक नाही, मग वाचकाला कुठून असणार? सत्तावीस प्रकरणं, नऊ-नऊची तीन भागांत वाटणी, आणि जवळजवळ प्रत्येक प्रकरण अशा जागी तोडलेलं की पुढचं पान उलटलंच पाहिजे. म्हणून ‘हे प्रकरण संपव आणि झोप’ हा नियम या पुस्तकांना लावू नका. तो लावलात की रात्रीचा एक वाजतो. ‘प्रकरणाच्या मध्यावर थांबायचं’ असं ठरवा. मध्यावर गोष्ट जराशी निवांत असते, तिथे खूण घालून पुस्तक मिटता येतं.

मोठी माणसं या पुस्तकांत बहुतेक वेळा मेलेली, हरलेली किंवा सामील झालेली असतात. कॅटनिसचे वडील ती अकरा वर्षांची असताना कोळशाच्या खाणीतल्या स्फोटात गेले, त्यानंतर आई खचून नुसती पडून राहिली आणि घर मुलीवर आलं. ताई, हा टोमणा तुम्हाला नाही. लेखकाला मूल एकटं पाडावंच लागतं, नाहीतर निर्णय आईच घेईल आणि गोष्ट तिथेच संपेल.

हिंसेबद्दलची तुमची अस्वस्थता मात्र लेखिकेला हवीच होती. सुझान कॉलिन्स यांनी सांगितलंय की रात्री टीव्हीचे चॅनल बदलताना एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसत होती, ती दोन्ही डोक्यात मिसळली आणि कल्पना सुचली. त्यांचे वडील व्हिएतनाम युद्धात होते. पुस्तकात मरण बरंचसं कानाने कळतं: कुणी मेलं की तोफेचा एक आवाज. पहिल्या दिवशी अकरा तोफा. कॅटनिस त्या मोजते आणि कोण गेलं असेल याचा विचार करत राहते. पडद्यावर हेच डोळ्यांसमोर येतं. २०१२ चा सिनेमा ब्रिटनमध्ये बारा वर्षांच्या मुलांना पाहता यावा म्हणून सात सेकंदांची काटछाट करावी लागली होती. म्हणून क्रम पुस्तक आधी, सिनेमा नंतर असाच ठेवा. उलटं केलं की मूल पुस्तकात फक्त मारामारीची पानं शोधतं, आणि चिठ्ठ्यांचा हिशेब उडी मारून टाकतं.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना बकासुराची गोष्ट सांगायला सांगा. एकचक्रानगरीत पाळी लावलेली असते: गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, तिन्ही राक्षसाच्या पोटात. पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरी उतरलेले असतात त्याची पाळी येते, आणि घरात वाद कसला चालतो? नवरा म्हणतो मी जातो, बायको म्हणते मी, मुलगी म्हणते मला पाठवा. बोबडं बोलणारं धाकटं पोर हातात गवताची काडी घेऊन म्हणतं, मी याने राक्षसाला मारतो. रडता रडता सगळे हसतात. मग कुंती आपला भीम पुढे करते. आता पहिल्या भागात प्रिमचं नाव निघाल्यावर कॅटनिस पुढे होऊन ‘तिच्याऐवजी मी’ म्हणते ते पान लेकीला आजीपुढे वाचून, मराठीत सांगायला लावा. कॉलिन्स यांच्या डोक्यात ग्रीक पुराणातली थिसियसची कथा होती: अथेन्सने क्रीटला सात मुलगे आणि सात मुली पाठवायच्या, चक्रव्यूहातल्या राक्षसासाठी. गाव वेगळं, पाळी तीच. आजींना ‘अभद्र’ वाटतंय ते इंग्रजी पुस्तकाचं मुखपृष्ठ. गोष्ट त्यांनी तुमच्या नवऱ्याला मांडीवर घेऊन सांगितलेली असणार.

बंदी घालावी का? नको. तत्त्व म्हणून नाही, ती टिकत नाही म्हणून. पुस्तक काढून घेतलं की तेच फोनवर, पांघरुणात, कुठूनतरी उतरवलेल्या पीडीएफमधून वाचलं जातं. डोळे बिघडतात ते वेगळंच, पण मुख्य तोटा असा की नको त्या पानावर ती एकटी असते. आणि तशी पानं आहेत. ती तुम्हाला माहीत असायला हवीत, म्हणून पुढे गुपितं फोडतोय. लेकीसमोर ओठ मिटून ठेवा.

‘डायव्हर्जंट’ आधी, कारण ते घरात आहे. नायिका ट्रिस ‘डॉन्टलेस’ म्हणजे शूरांचा गट निवडते. तिथे नव्या मुलांपैकी फक्त पहिल्या दहांना ठेवतात, बाकीचे गटाबाहेर, रस्त्यावर. फळ्यावर सगळ्यांची नावं क्रमाने लागतात. (क्लासच्या टेस्टनंतर लागणाऱ्या यादीची आठवण तिला येणारच.) पहिला नंबर आलेल्या मुलाच्या डोळ्यात रात्री सुरी खुपसली जाते. आणि अल नावाचा एक मोठ्या अंगाचा, हळवा मुलगा क्रमवारीत घसरत जातो, घाबरून ट्रिसवरच्या हल्ल्यात सामील होतो, तिची माफी मागतो, ती देत नाही, आणि तो जीव देतो. क्लासच्या गावात राहणाऱ्या मुलीने हे पान वाचून कुणाशी न बोलता झोपावं असं आम्हाला वाटत नाही. तुम्ही ते प्रकरण आधी वाचा. ती तिथे पोचली की विचारा, ‘अलला कुणाला सांगता आलं असतं?’ तिने नाव घेतलं तर पुढचा प्रश्न, ‘आणि तू कुणाला सांगशील?’ उत्तर तुम्ही नसाल, मावशी किंवा मैत्रीण असेल, तरी तोंड पाडू नका.

‘हंगर गेम्स’चा तिसरा भाग, ‘मॉकिंगजे’, पहिल्या दोघांपेक्षा बराच जड आहे. खेळ संपलेला असतो, आता युद्ध असतं. कॅटनिसबरोबर खेळात गेलेल्या पीटाचा छळ करून त्याच्या आठवणी बदलतात. शेवटाकडे बॉम्बस्फोटात लहान मुलं मरतात, त्यांत प्रिमही. जिच्यासाठी सगळं सुरू झालं, तीच. त्यानंतर बरीच पानं कॅटनिसला जगण्याची इच्छा नसते. तेराव्या वर्षी हा भाग देऊच नये असं नाही, दोन भाग वाचलेल्या मुलीला तिसरा रोखून धरला तर ती बाहेरून मिळवेलच. पण परीक्षेच्या आठवड्यात नको. सुट्टीत द्या, शेवटची शंभर पानं दिवसा वाचायची असं ठरवा, आणि ‘प्रिमच्या पानाला पोचलीस की मला हाक मार’ असं म्हणू नका, कारण त्याने सगळंच फुटेल! नुसतं, शेवटचे दोन दिवस घरात असा.

‘द गिव्हर’ यांत सगळ्यात छोटं, तेवीस प्रकरणांचं, भाषा सोपी, आणि आमच्या मते सगळ्यात चांगलं. त्यात मारामारी जवळजवळ नाही. पण एक प्रसंग आहे: नायक जोनासचे वडील, मायाळू, बाळांची काळजी घेण्याचं काम करणारे, जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाच्या कपाळावर सुई टोचतात आणि निर्जीव देह खोक्यात घालून टाकून देतात, गोड आवाजात ‘टाटा’ करत. कुणी ओरडत नाही, कुणी पळत नाही. म्हणूनच तो जास्त लागतो. बारा-तेराला हे पुस्तक चालतं, फक्त घरातल्या कुणीतरी मोठ्याने ते आधी वाचलेलं असावं. दीडशे-दोनशे पानं आहेत. दोन रविवारचं काम. तुम्हाला एकच वाचायला वेळ असेल तर हेच वाचा, ‘हंगर गेम्स’ नव्हे.

वाचून झाल्यावर काय बोलायचं, यात घोळ होतो. ‘बघ, तुझं किती बरं चाललंय’ हे वाक्य मनातून काढून टाका. ते म्हटलं की ती पुढचं पुस्तक तुमच्यापासून लपवेल. ‘यातून काय शिकलीस?’ हेही नको, तो शाळेचा प्रश्न आहे. नियमाबद्दल विचारा. हा नियम कुणी केला? त्याने कुणाचा फायदा होतो? कुणाला तो बरा वाटतो, आणि का? (वाईट नियमातही कुणीतरी सुखी असतंच, ‘द गिव्हर’मध्ये तर जवळजवळ सगळे.) पहिल्यांदा मोडला कुणी, आणि किंमत कुणी दिली? एका वेळी एकच प्रश्न, चारही एकदम विचारलेत तर तोंडी परीक्षा होते.

‘हे वाचून मुलं निराश होतात’ अशी भीती असते. इथे प्रौढांच्या आणि किशोरांच्या कादंबऱ्यांतला फरक कामाला येतो. ऑर्वेलच्या ‘१९८४’मध्ये (१९४९) विन्स्टन शेवटी हरतो, नुसता हरत नाही, ज्याने हरवलं त्याच्यावर प्रेम करायला लागतो. दार बंद. किशोरांसाठीच्या पुस्तकांत बहुधा शेवटी एक फट ठेवलेली असते. माणसं गमावतात, पण नियम मोडतो किंवा निदान कुणीतरी हद्दीपलीकडे जातं. मुलं ती फट बरोबर पकडतात. थायलंडमध्ये २०१४ मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर निषेध करणाऱ्यांनी ‘हंगर गेम्स’मधली तीन बोटं वर करायची खूण उचलली, पोलिसांनी त्यासाठी लोकांना ताब्यात घेतलं, २०२१ मध्ये म्यानमारच्या रस्त्यांवरही तीच खूण दिसली. निराश माणूस बोटं वर करत नाही.

म्हणूनच ‘हे आवडतं तर ‘१९८४’ वाच, ते खरं साहित्य’ असं म्हणणाऱ्या काकांपासून तिला दोन-तीन वर्षं वाचवा. विन्स्टन एकोणचाळीस वर्षांचा, पायावर व्रण असलेला, दमलेला माणूस आहे. तेरा वर्षांच्या मुलीला त्याच्यात शिरायला जागा नाही. मध्येच पुस्तकातलं पुस्तक येतं, पानंच्या पानं राज्यशास्त्र, तिथे बहुतेक मुलं सोडतात. शेवटचा भाग छळाचा आहे, आणि शरीरसंबंधही आहेत. सोळाच्या आसपास ठीक. त्याआधी, चौदाच्या पुढे, ब्रॅडबरींचं ‘फॅरनहाइट ४५१’ द्यावं, लहान आहे आणि वेगाने पळतं. जपानी ‘बॅटल रोयाल’ कुणी ‘हंगर गेम्ससारखंच आहे’ म्हणून सुचवेल. ते मोठ्यांचं आहे, सतरा-अठराच्या आत नको. प्रयाग अकबर यांची ‘लैला’ आपल्याकडची, चांगली, पण तीही मोठ्यांचीच.

मराठीत नेमकं या वयाचं, या जातीचं पुस्तक सुचवायचं तर फळी तोकडी आहे, हे मान्य करायला हवं. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आणि ‘वामन परत न आला’ ही कादंबरी द्या. त्यात जुलमी राज्य नाही, पण ‘असं झालं तर पुढे काय?’ हा प्रश्न शिस्तीने सोडवलेला आहे, आणि लेकीला पुढच्या खेळासाठी तेच लागणार आहे.

खेळ असा. तिला स्वतःचं जग लिहायला सांगा, पण एकाच नियमाचं आणि एकाच पानाचं. मुलं इथे हमखास दहा नियम, चार राज्यं आणि नकाशा काढून बसतात आणि गोष्ट सुरूच होत नाही. दुसरी चूक, दुसऱ्याच ओळीत कुणीतरी मरतं. तिसरी, राजा खदाखदा हसतो. या तिन्हींवर फुली मारा. लातूरच्या मुलीला विषय शोधायला लांब जायची गरज नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली. ती तेव्हा तीन-चार वर्षांची असेल. घरातल्या मोठ्यांनी तो उन्हाळा तिला सांगावा: नळ किती दिवसांनी यायचा, घागरी कुठे लावायच्या, भांडणं कशी व्हायची. मग नियम: ‘घरातल्या मुलाला जितके टक्के, तितकी मिनिटं नळाला पाणी.’ आता तिने तीनच प्रसंग लिहायचे. त्या घरातली सकाळ. निकालाचा दिवस. आणि शेजारच्या पंचेचाळीस टक्केवाल्या मुलाने बादली मागितली तो क्षण. बघा, कुठलंही रक्त न सांडता अंगावर काटा येतो की नाही.

धाकट्यासाठी जीन डुप्राउ यांचं ‘द सिटी ऑफ एम्बर’ (२००३). जमिनीखालचं शहर, दिवे विझायला लागलेत, बाराव्या वर्षी पिशवीतून चिठ्ठी काढून काम मिळतं; लीनाला भूमिगत नळांचं येतं, डूनला निरोप्याचं, आणि दोघं गुपचूप अदलाबदल करतात. बाहेर पडायच्या सूचनांचा कागद लीनाच्या धाकट्या बहिणीने चावून ठेवलाय, उरलेल्या तुकड्यांवरून अर्थ लावायचा. चौथीतल्या मुलाला इंग्रजी जड जाईल तिथे ताईने वाचून दाखवावं, तोवर ‘हंगर गेम्स’ तिच्या कपाटात वरच्या फळीवर. आणि त्याला ‘तू लहान आहेस’ म्हणू नका. ‘बाराचा झालास की, पुस्तकात नाव चिठ्ठीत पडतं त्या वर्षी’ असं सांगा, तारीख त्याच्या लक्षात राहील.

एक खरेदीचं. तीन भागांचा संच एकदम घेऊ नका, तो स्वस्त पडतो म्हणून घेतात आणि मग तेराव्या वर्षी तिसरा भाग आपोआप हातात येतो. ‘डायव्हर्जंट’ मैत्रिणीचं आहे, तर परत करायच्या आधी त्यातलं अलचं प्रकरण तेवढं वाचून घ्या.